भट्टीवाचून काच आणि नडगीतली पोकळी

प्लास्टर घालताना लहान मुलं हमखास एक प्रश्न विचारतात. "काका, हे गरम का लागतंय?" मूल रडायला लागलं की आईला वाटतं, डॉक्टरांचं काही तरी चुकलं. मग मी सांगतो, की जिप्सम नावाचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलं, की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं. आपण बँडेज पाण्यात बुडवून ते पाणी त्याला परत देतो. त्याचा पुन्हा दगड होतो आणि होताना तो भाजतानाची थोडी ऊब परत करतो. मथायसेन नावाच्या डच लष्करी सर्जनने १८५२ मध्ये ही प्लास्टरची पट्टी जगापुढे मांडली. आज पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी सकाळच्या ओपीडीत आमचा पहिला आधार तोच.

म्हणजे भट्टी न पेटवता, बादलीभर पाण्यात दगड तयार करण्याचं काम आम्ही अस्थिरोगवाले रोज करतो. त्याला रसायनशास्त्र म्हणत नाही, इतकंच.

हे आठवायचं कारण एक रुग्ण. बत्तीस वर्षांचा टेम्पोचालक. अपघातात नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. आधी दुसरीकडे शस्त्रक्रिया झाली, मग हाडात जंतुसंसर्ग झाला. आमच्याकडे आला तेव्हा दीड वर्षं उलटलं होतं आणि नडगीवरच्या एका छिद्रातून पू झिरपत होता. अशा वेळी मेलेलं हाड खरवडून काढावंच लागतं. ते काढलं, की आत पोकळी राहते. त्याच्या नडगीत लिंबाएवढी राहिली. रिकामी पोकळी शरीराला चालत नाही. तिथे रक्त साचतं, जंतू परत घर करतात. म्हणून ती भरायची.

भरायची कशाने? आमची सरकारी रुग्णालयातली नेहमीची पद्धत दोन टप्प्यांची. पहिल्या टप्प्यात हाडांच्या सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळून त्याचे मणी करायचे, तारेत ओवायचे आणि ती माळ पोकळीत ठेवायची. हे सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक प्लॅस्टिक. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, मोठा गोळा असेल तर सत्तर अंशांच्याही पुढे जातं. त्यामुळे त्यात उष्णता सोसणारीच प्रतिजैविकं घालता येतात. जंतू ज्या औषधाला दाद देतो ते औषध उष्णतेत टिकत नसेल, तर आमचे हात बांधलेले. शिवाय हे मणी विरघळत नाहीत. सहा आठवड्यांनी पुन्हा भूल, पुन्हा टाके, माळ बाहेर. दुसऱ्या टप्प्यात रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून चुरा काढून पोकळी भरायची.

टेम्पोचालकाचं हे सगळं झालं आणि हाड जुळलं. आठ महिन्यांनी तो चालत आला आणि म्हणाला, "पाय झकास आहे साहेब, पण कमरेचं काय करून ठेवलंत?" जिथून हाड काढलं ती जागा त्याला पायापेक्षा जास्त छळत होती. हे आम्हाला नवीन नाही. अनेक रुग्ण हेच सांगतात. पाठ्यपुस्तकंही हेच सांगतात आणि तरीही स्वतःच्या हाडालाच सर्वोत्तम भरण मानतात. त्यात जिवंत पेशी असतात, वाढीचे संदेश असतात आणि त्याला दाम पडत नाही. निदान बिलावर तरी दिसत नाही.

पर्याय आहेत. त्यातल्या एकाची गोष्ट काचेपासून सुरू होते. १९६७ मध्ये अमेरिकेतले पदार्थवैज्ञानिक लॅरी हेंच एका लष्करी परिषदेला बसने निघाले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. हेंच त्याला आपल्या कामाबद्दल सांगू लागले. किरणोत्सर्गातही टिकतील असे पदार्थ ते बनवत होते. कर्नलने विचारलं, की माणसाच्या शरीरात टिकेल असा पदार्थ करता येईल का? धातू आणि प्लॅस्टिक शरीर स्वीकारत नसल्यामुळे सैनिकांचे हातपाय कापावे लागत होते. हेंच यांनी प्रश्न मनावर घेतला. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, मग तेच घटक असलेली काच का करू नये, असा त्यांचा साधा तर्क होता. फ्लोरिडा विद्यापीठात १९६९ मध्ये काम सुरू झालं. ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस टक्के सोडियम ऑक्साइड, तेवढंच कॅल्शियम ऑक्साइड आणि सहा टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी काच त्यांनी उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी शल्यचिकित्सक ती काढायला गेले तर निघेना. हाडाने काचेला धरून ठेवलं होतं.

काचेला हाड चिकटतं कसं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. शरीरातल्या द्रवात या काचेतलं सोडियम आणि कॅल्शियम बाहेर पडतं. पृष्ठभागावर सिलिकाचा पाणीदार, जेलीसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम आणि फॉस्फेट बसत जातं आणि त्याचे स्फटिक होतात. हे स्फटिक आपल्या हाडातल्या खनिजाचे जवळचे नातेवाईक. शरीर त्यांना परकं मानत नाही, त्यात कोलॅजनचे धागे गुंफतं. पुढे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये हेंच आणि ज्युलिया पोलाक यांच्या गटाने दाखवलं, की काचेतून सुटणारे आयन हाड घडवणाऱ्या पेशींतली जनुकंही जागी करतात. फिनलंडमध्ये तुर्कूच्या संशोधकांनी थोडी वेगळी काच केली. ती विरघळताना भोवतालची आम्लता कमी करते, क्षारांची तीव्रता वाढवते आणि जंतूंना तिथे जगणं अवघड होतं. हाडांच्या जुनाट संसर्गात त्या काचेने एकाच टप्प्यात पोकळी भरण्याचे अनुभव युरोपातून प्रसिद्ध झाले आहेत. कमरेचं हाड काढणं नाही, माळ काढायला दुसऱ्यांदा भूल नाही.

हे वाचताना मला माझा टेम्पोचालक आठवतो.

आता तापमानाकडे येतो, कारण या लेखाचं मूळ तिथे आहे. हेंच यांची काच प्लॅटिनमच्या भांड्यात १३०० ते १४०० अंशांना वितळवावी लागते. इतक्या उष्णतेत कोणतंही औषध टिकणार नाही. त्यातलं सोडियमही मुख्यतः वितळणं सोपं व्हावं म्हणून घालतात, हाडाला त्याची फारशी गरज नाही. पण काच करायला वितळवणं लागतंच असं नाही. १८४६ च्या सुमारास एबेलमेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने सिलिकॉनचं एक द्रव संयुग दमट हवेत उघडं ठेवलं. हळूहळू त्याचा पारदर्शक, काचेसारखा घन पदार्थ झाला. ना भट्टी, ना ज्वाळा. त्याकडे पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात रुस्तुम रॉय यांनी याच मार्गाने अतिशय एकजिनसी सिरॅमिक चूर्णं बनवली. हे रॉय मूळचे आपल्या रांचीचे.

या पद्धतीला सोल-जेल म्हणतात. घरात दही लावणाऱ्या कुणालाही ती समजेल. दुधात अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, तो सोल. विरजण लावलं की कण एकमेकांना धरतात, जाळं तयार होतं, पाणी त्यात अडकतं आणि भांडं कलंडलं तरी दही सांडत नाही. ते जेल. इथे दुधाच्या जागी सिलिकॉनचं संयुग, पाणी आणि अल्कोहोल असतं आणि विरजणाच्या जागी थोडं आम्ल. कॅल्शियम हवं तर त्याचं नायट्रेट विरघळवायचं. सगळं खोलीच्या तापमानाला. काही तासांत किंवा दिवसांत मिश्रण थिजतं. मग चक्का टांगतात तसं त्यातलं पाणी आणि अल्कोहोल काढायचं. हा टप्पा मात्र चक्क्याइतका सोपा नाही. जेल सुकताना इतकं आकसतं, की उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळावा तसं तडकतं. म्हणून फार सावकाश सुकवावं लागतं. शेवटी ६०० ते ७०० अंशांना तापवून नायट्रेट जाळून टाकायचं, कारण ते उरलं तर पेशींना घातक ठरतं. तेव्हा कमी तापमान म्हणजे अगदी गार नव्हे, पण १४०० च्या निम्म्यावर. ज्यात नायट्रेट नाही अशी नुसत्या सिलिकाची जेलं तर कोमटच ठेवता येतात.

या सायासाचा फायदा मोठा आहे. वितळवलेल्या काचेचा कण आतून गच्च असतो. जेलपासून केलेल्या काचेत अब्जांश मीटरची असंख्य छिद्रं उरतात. तिच्या एका ग्रॅमला आतबाहेर मिळून शंभर-दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. म्हणजे चिमूटभर काचेत एखाद्या मोठ्या सदनिकेएवढी जमीन, जिथे हाडाचं खनिज बसू शकतं. वितळवलेल्या काचेत सिलिकाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर गेलं की हाड चिकटत नाही. जेलच्या काचेत त्याहून बरीच जास्त सिलिका चालते आणि सोडियम लागतच नाही. हे हेंच यांच्याच गटाने १९९१ मध्ये दाखवलं.

आणि औषध? १९९० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी कोमट जेलमध्ये चक्क एन्झाइम अडकवलं, आणि काचेच्या पिंजऱ्यातही ते काम करत राहिलं. ज्यांनी अंडं उकडताना पाहिलंय त्यांना यातलं आश्चर्य कळेल. साठ-सत्तर अंशांतच प्रथिनं गोठून निकामी होतात. त्यांना काचेत ठेवायचं, तर काचच थंड हवी. त्याच विचारातून मुरुमांवरचं एक जुनं, कातडी जाळणारं औषध सिलिकाच्या सूक्ष्म कवचात भरून ते हळूहळू सोडणारी मलमं आली. अमेरिकेत त्यांना २०२१ आणि २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या चष्म्याची भिंगं प्लॅस्टिकची असतील आणि त्यांवर ओरखडे कमी पडत असतील, तर तो कठीण थरही बहुधा असाच थंडपणे चढवलेला असतो. प्लॅस्टिकवर वितळलेली काच ओतणार कशी?

खरं तर यात नवल मानण्याचं कारण नाही. शरीर हेच करतं. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज असतो, दाताच्या वरच्या कवचाचा तर पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक. हे सगळं सिरॅमिक शरीर सदतीस अंशांना बनवतं. समुद्रातली डायटम नावाची एकपेशीय शेवाळं थंड पाण्यात राहून स्वतःभोवती सिलिकाच्या काचेची नक्षीदार डबी घडवतात. १९८० च्या दशकात अमेरिकेत ब्राउन आणि चाऊ यांनी कॅल्शियम फॉस्फेटची दोन चूर्णं पाण्यात कालवली, तर शरीराच्या तापमानालाच त्यांचं हाडासारखं खनिज झालं. जर्मनीत ड्रीसमान यांनी तर १८९२ मध्ये, क्षयाने पोखरलेल्या हाडांत साधं प्लास्टर ऑफ पॅरिस जंतुनाशकासह भरलं होतं. भट्टीचा सोस आपला, निसर्गाचा नव्हे.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी जैवकाचेचा प्रचारक झालो. तसं नाही. 'हाडाला पर्याय सापडला' अशी बातमी वर्षातून दोनदा तरी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत कात्रण घेऊन कुणी तरी उभं असतं. त्यांना मी सांगतो, की काच ठिसूळ असते. पोकळी भरायला ती ठीक, पण मोडलेल्या मांडीचा भार ती पेलणार नाही. तिथे पट्टी आणि सळईच लागते. बाजारात मिळणारी जैवकाच आजही बहुतांशी वितळवलेलीच आहे. जेलची काच प्रयोगशाळेत उजळ दिसली, तरी एका खेपेसारखी दुसरी खेप करणं, ती दमट हवेत टिकवणं, गुण न घालवता निर्जंतुक करणं ही कामं अवघड आहेत. त्यातलं सिलिकॉनचं संयुगही वाळूच्या भावात मिळत नाही. आणि तंबाखू-मिश्री सुटली नाही, साखर आटोक्यात आली नाही, तर जगातली कोणतीही काच हाड जुळवून देणार नाही. हे शेवटचं वाक्य मी रुग्णाच्या कुटुंबापुढे मुद्दाम मोठ्याने म्हणतो.

माझी तक्रार वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हाला कृत्रिम हाडाच्या कणांच्या काही बाटल्या नमुना म्हणून दिल्या. परदेशी माल, पाच ग्रॅमची बाटली. तिची छापील किंमत सांगितली तेव्हा आमच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, सोनं बरं." आम्ही त्या वापरल्या. बारा रुग्णांत. त्यातले पाच परत तपासायला आले. उरलेल्या सातांचं काय झालं, मी सांगू शकत नाही. ना मी नीट नोंद ठेवली, ना कुणी मागितली. नमुने संपले, विषय संपला. त्या सातांची आठवण मला अजूनही सुखाची नाही. चूक माझीही होती.

उलट बाजूही पाहिली. गेल्या वर्षी एका विद्यापीठात व्याख्यानाला गेलो असताना तिथल्या संशोधक विद्यार्थिनीने मला आपली काच दाखवली. परीक्षानळीत थिजलेली, ओठावरच्या लिपबामसारखी पारदर्शक. तीन वर्षं ती तेच करत होती. छिद्रं किती, कॅल्शियम किती, कृत्रिम द्रवात किती दिवसांनी स्फटिक धरतात, सगळे आलेख तिच्याकडे होते. मग तिने संकोचत विचारलं, "सर, तुम्ही ही कणांच्या रूपात वापराल की गोळीच्या? आणि रक्त लागल्यावर ती हातात धरता आली पाहिजे का?" तीन वर्षांत हा प्रश्न विचारायला तिला कुणी सर्जन भेटला नव्हता. आणि पंचवीस वर्षं हाडातल्या पोकळ्या भरूनही, भरण बनतं कसं हे पाहायला मी कधी गेलो नव्हतो. हेंच यांना निदान बसमध्ये कर्नल तरी भेटला.

आपल्याकडे रसायनाची वानवा नाही. कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था १९५० पासून उभी आहे आणि जैवसिरॅमिकवर काम करते. हैदराबादच्या एआरसीआयमध्ये सोल-जेल थरांवर वेगळा विभाग आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर भौतिकशास्त्र विभागाने याच पद्धतीने हवेसारखी हलकी सिलिका एरोजेलं बनवून जगात नाव मिळवलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची झडप देशात घडवली, १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली आणि परदेशी झडपेच्या तुलनेत स्वस्तात दिली. ते जमलं कारण तिथे अभियंते आणि हृदयशल्यचिकित्सक एकाच संस्थेत होते. डॉ. वलियाथन स्वतः सर्जन होते. झडप अनेकदा फसली, प्रत्येक वेळी ती का फसली हे त्यांनी पाहिलं आणि पुन्हा केली.

मला वाटतं, हाडाच्या भरणाबाबत तसंच व्हायला हवं आणि ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत व्हायला हवं. याला माझे सहकारीच आक्षेप घेतात. एक म्हणाले, "आपल्याकडे कधी कधी सळया संपतात, आणि तुम्ही काचेच्या गोष्टी करता." त्यांचं खोटं नाही. पण दुचाकीच्या अपघातातल्या उघड्या जखमा, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले पाय आणि वर्षानुवर्षं वाहणारी हाडं येतात ती आमच्याकडेच. हा प्रश्न ज्यांचा आहे, ते लोक इथे आहेत. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गरीब रुग्णांवर प्रयोग करणार का? माझ्या त्या बारा बाटल्या हाच तर प्रयोग होता, फक्त नोंद नसलेला. रीतसर चाचणीत आचारसमिती असते, रुग्णाच्या भाषेत लिहिलेलं संमतिपत्र असतं, इजा झाल्यास भरपाई असते आणि परत न येणाऱ्या रुग्णाच्या घरी फोन जातो. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम २०१८ पासून लागू आहेत. शरीरात राहणाऱ्या अशा वस्तूंना त्यांत वरच्या जोखमीच्या वर्गात ठेवलं आहे आणि ते योग्यच आहे. नियम कडक आहेत ही माझी अडचण नाही. त्या नियमांच्या दारापर्यंत रसायनशास्त्रज्ञाला घेऊन जाणारा माणूस आपल्याकडे नेमलेलाच नसतो, ही आहे.

यासाठी फार मोठं काही लागत नाही. एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाने शेजारच्या विद्यापीठाशी करार करावा. अस्थिरोगाच्या एखाद्या निवासी डॉक्टरने प्रबंधासाठी 'अमुक फ्रॅक्चरचे तमुक निकाल' हा नेहमीचा विषय सोडून भरणाची पाठपुरावा-नोंदवही करावी. सध्या वापरात असलेल्या भरणाचीही करावी, अगदी कमरेच्या हाडाचीही. कुणाची कंबर किती महिने दुखली, हे तरी आपल्याला आकड्यांत कळू दे. आणि औषध-साहित्य खरेदीच्या यादीत कृत्रिम भरणाचा विचार करताना फक्त बाटलीची किंमत पाहू नये. दुसरी शस्त्रक्रिया, खाटेचे जास्तीचे दिवस आणि टेम्पो उभा राहिल्याने बुडालेली रोजची कमाई हेही त्याच हिशोबात मांडावं.

त्या विद्यार्थिनीला मी आमच्या शस्त्रक्रियागृहात बोलावलं. परवानगीची पत्रं सहा आठवडे फिरली, पण ती आली. त्या दिवशी एका पन्नाशीच्या बाईंच्या टाचेच्या हाडातली पोकळी भरायची होती, नेहमीप्रमाणे कमरेच्या हाडाने. ती कोपऱ्यात मास्क सावरत उभी होती. हाडाचा चुरा रक्तात कालवून मी चमच्याने आत दाबू लागलो तेव्हा ती दोन पावलं पुढे आली आणि म्हणाली, "सर, हे असं ओलसर, चिकट हवं का? माझी काच कोरडी आहे. कण सुटे राहतात, ते इथे थांबणारच नाहीत." सिस्टर मागून म्हणाल्या, "अगदी बरोबर. परवाच्या बाटलीतले अर्धे कण तर ट्रेमध्येच सांडले होते." तिने खिशातून वही काढली, पण निर्जंतुक भागाजवळ वही चालत नाही, म्हणून सिस्टरनी तिला मागे केलं. बाहेर जाऊन तिने ते लिहून घेतलं.